तळहाताएवढी जमीन

सायकल भिंतीला टेकवा आणि तिच्या शेजारी खाली बसा. पंप, पाना, काहीच लागणार नाही. हे वाचताना मध्ये मध्ये थांबायचं आहे, चाक हाताने फिरवायचं आहे, टायर बोटांनी चाचपायचा आहे. सायकल जवळ नसेल तर आपण नेहमी जातो ती वाट मनात आणली तरी चालेल. माउंटन बाइकचा टायर निवडायला निघालेल्या माणसाला दुकानातल्या फळीपेक्षा ती वाट जास्त सांगते.

आधी एक साधा हिशेब. तुम्ही, तुमच्या पाठीवरचं पाणी आणि सायकल मिळून ८५ किलो धरा. त्यातले ५० किलो मागच्या चाकावर, ३५ पुढच्या. मागे २५ पीएसआय हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेदोन किलोचा दाब होतो. पन्नासला पावणेदोनने भागा: अठ्ठावीस-एकोणतीस चौरस सेंटिमीटर. पुढे २२ पीएसआय धरली तर तिथे बावीस-तेवीस. दोन्ही चाकं मिळून तुम्ही जमिनीला टेकलेले असता ते साधारण पन्नास चौरस सेंटिमीटरमध्ये. हिशेब ढोबळ आहे, कारण टायरचं कापड स्वतःही थोडा भार पेलतं. पण फार चुकीचा नाही.

आता बोटं मिटून तळहात समोर धरा. पन्नास चौरस सेंटिमीटर त्यात मावतात, वर थोडी जागा उरते.

त्या तळहाताकडे जरा वेळ पाहत राहा. फोर्कवर केलेला खर्च, हायड्रॉलिक ब्रेक, हलकी फ्रेम, यातलं काहीही जमिनीला टेकत नाही. जे काही जमिनीपर्यंत पोचतं ते एवढ्याशा जागेतून. आणि या जागेकडे आपण मागतो तरी किती! चढावर जोर लावला की धरून ठेव. उतारावर ब्रेक दाबला की थांबव. वळणावर कललो की सावर. आणि सपाटीवर आलो की पुन्हा मोकळं सोड, पळू दे. पहिल्या तीन मागण्यांचं चौथीशी पटत नाही. मऊ रबर खडबडीत जमिनीवर दबतं, तिच्या खाचाखोचांत शिरतं आणि सावकाश पूर्ववत होतं, म्हणून ते धरून राहतं. त्या दबण्या-उठण्यात काही ताकद उष्णता होऊन वाया जाते, आणि ती ताकद तुमच्या पायांतूनच आलेली असते. चारही मागण्या पुऱ्या करणारा टायर म्हणूनच कुणी बनवलेला नाही. जाहिरातीत दिसला तर जाहिरात पुन्हा वाचावी.

प्रत्येक टायर कुठे ना कुठे घसरतो. मग आपल्याला विचार करायचा आहे तो एवढाच: माझा टायर कुठे घसरला तर चालेल, आणि कुठे अजिबात चालणार नाही? हा प्रश्न मनात ठेवा. त्याचं उत्तर लगेच द्यायचं नाही.

त्याआधी वाट पाहू. मनातल्या मनात घरातून निघा. पुण्यात असाल तर वेताळ टेकडीकडे किंवा सिंहगडाच्या पायथ्याकडे, नाशिकात असाल तर अंजनेरीकडे, कोल्हापुरात असाल तर पन्हाळ्याकडे. पहिले किती किलोमीटर डांबर आहे? स्वतःशी खरं बोला, इथे दुसरं कुणी ऐकत नाही. आपल्यातल्या बहुतेकांचा रविवार असा असतो की तासभर डांबर, मग अर्धा-पाऊण तास माती, आणि परतताना पुन्हा डांबर. टायर आपण घेतो त्या अर्ध्या तासासाठी आणि झिजवतो बाकीच्या दोन तासांत. व्हिडिओत पाहिलेला कॅनडातल्या व्हिस्लरचा डोंगर, तिथली निगा राखलेली वळणं, ती काळी भुसभुशीत जंगलमाती, हे सगळं सुंदर आहे. पण तिथे उतरणाऱ्याला दोरावरचा पाळणा वर नेऊन सोडतो. तुम्हाला चढ तुमच्याच पायांनी चढायचा आहे.

डांबर संपलं. आता खाली काय आहे ते नीट पाहा.

सह्याद्री बहुतेक सगळा बेसॉल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला. हा कातळ कुजला की त्याचा मुरूम होतो. पावसाळ्यानंतर मुरूम काही दिवस दबून घट्ट असतो, नोव्हेंबर-डिसेंबरात त्याच्यावर सायकल चालवण्यासारखं सुख नाही. मग ऊन त्याला सुटा करत जातं, आणि फेब्रुवारी-मार्चपासून घट्ट जमिनीवर गोट्या पसरल्यासारखी वाट होते. डोंगर चढणारे याला घसारा म्हणतात आणि बसून उतरतात. सायकलवाल्याला ती सोय नाही.

या घसाऱ्यावर थोडं थांबू, कारण आपल्याकडे वर्षातले निदान चार महिने हाच असतो आणि परदेशी टायरची वर्णनं वाचून तो कळत नाही. पहिल्यांदा मनात येतं की टायरवरची बटणं, म्हणजे रबराचे उंचवटे, जितकी उंच तितकी पकड जास्त. पण उंच बटणाला रुतायला खोल माती लागते. इथे वरचा सुटा थर बोटभर, खाली दगडासारखी जमीन. उंच आणि सुटं उभं असलेलं बटण त्या जमिनीवर टेकून वाकतं, आणि वाकलेलं बटण धरत नाही. उलट बटणं फार बुटकी आणि दाटीवाटीची असतील तर टायर त्या खड्यांवर तरंगत राहतो, खालच्या जमिनीपर्यंत पोचतच नाही. हवं ते या दोन्हींच्या मध्ये: मध्यम उंचीची, बुंध्याला रुंद, खडे बाजूला सरकतील एवढी जागा मध्ये ठेवून बसवलेली बटणं. आणि कडेच्या ओळीतली बटणं मात्र भक्कम, चौकोनी, दाबली तरी हलणार नाहीत अशी. वळणावर तुम्ही त्या ओळीवर उभे असता.

जांभ्याची गोष्ट वेगळी. पाचगणीचं टेबललँड, कोकणातले सडे, गोव्यातली पठारं. कोरडा जांभा टायर असा धरतो की बटणं कुठलीही असोत, फरक पडत नाही. पण तो किसतोही तितकंच. मऊ रबर महाग असतं, आणि जांभ्यावर ते डोळ्यांदेखत झिजतं. त्याच्या धारदार कडा टायरची बाजू कापतात ते वेगळंच. पावसाळ्यात त्याच जांभ्यावर शेवाळ आलं की बटणांची नक्षी निरुपयोगी होते. तिथे मदत करतं ते मऊ रबर, आणि हवा थोडी कमी करून मिळवलेली जास्तीची जागा. त्याहून जास्त मदत ब्रेकवरून बोट उचलण्याची होते, पण ते टायर विकत घेऊन मिळत नाही. ओढ्यातला गुळगुळीत, ओला बेसॉल्टही याच जातीचा.

काळ्या मातीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पाणी पिऊन ती फुगते आणि टायरला, फोर्कला, फ्रेमला अशी चिकटते की चाक फिरायचंच थांबतं. चिखलासाठी बनवलेले टायर अरुंद असतात, त्यांची बटणं उंच, टोकदार आणि एकमेकांपासून दूर, म्हणजे फिरता फिरता चिखल झटकला जातो. युरोपातल्या ओल्या डोंगरांवर डाउनहिलच्या शर्यतींआधी मेकॅनिक कटर घेऊन बसतात आणि ही टोकं थोडी थोडी छाटतात, कारण चिखलाच्या मध्येच दगड लागला तर पूर्ण उंचीची टोकं वाकून दगा देतात. आपल्या पावसाळी वाटांवर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ, तेव्हा पूर्ण उंचीचे चिखली टायर इथे बहुतेकदा चुकीचेच ठरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर कुठलाच टायर चालत नाही. दोन दिवस थांबावं. थांबण्याचं आणखी एक कारण आहे. ओल्या वाटेवर चाकाने पडलेली चरी पुढच्या सरीत ओघळ होते, आणि ओघळ झालेली वाट पुन्हा वाट होत नाही. कासच्या पठारासारख्या ठिकाणी तर सडा मुळात चाकांसाठी नाहीच.

आता मघाचा प्रश्न पुन्हा घ्या. कुठे घसरलं तर चालेल?

नेहमीच्या वाटेवरचं एक उतरतं वळण आठवा. त्यात मागचं चाक सुटलं असं समजा. सायकलची शेपूट बाहेर जाते, पोटात गोळा येतो, आणि बहुतेक वेळा तुम्ही सावरता. कधी कधी तर मजाही वाटते. आता त्याच वळणात पुढचं चाक सुटलं असं समजा. इथे मजा वगैरे काही नाही. हँडल वळतं, चाक खाली दुमडतं, आणि काही कळायच्या आत खांदा जमिनीला लागतो.

२०१४ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगला डाउनहिल वर्ल्ड कपच्या शर्यतीत अ‍ॅरन ग्विन या अमेरिकन खेळाडूचा मागचा टायर वरच्या टप्प्यातच गेला. तो थांबला नाही. फाटका टायर आणि मग उघडी रिम दगडांवर आपटत तो खालपर्यंत उतरला. शर्यत हातची गेली होती, पण माणूस सायकलवरून पडला नाही. हेच पुढच्या चाकाचं झालं असतं तर काय, याची कल्पना करायला फार वेळ लागत नाही.

म्हणून पुढे आणि मागे एकसारखा टायर असलाच पाहिजे असं काही नाही. नवी सायकल एकसारखी जोडी घालून येते, कारण कारखान्याला ते सोपं पडतं. तुम्ही मात्र दोन चाकांना दोन वेगवेगळी कामं द्या. पुढे जास्त पकडीचा, थोडा रुंद, मऊ रबराचा टायर. मागे हलका पळणारा, जास्त टिकणारा. घसरायचंच असेल तर मागचं चाक आधी घसरू दे; ते तुम्हाला वेळेवर कळवतं. पुढे कमी पकड आणि मागे जास्त, ही उलटी जोडी मात्र कधीही नको. मागचा टायर आधी झिजतो म्हणून नवाकोरा टायर मागे चढवून पुढे जुनाच ठेवणारे बरेच भेटतात, आणि त्यांना हे सांगावंसं वाटतं.

माउंटन बाइकिंगच्या सुरुवातीला ही निवड नव्हतीच. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ च्या ऑक्टोबरात रीपॅक नावाच्या उतारावर पहिली शर्यत झाली, तेव्हा मंडळी १९३०-४० च्या दशकातल्या जड सायकली घेऊन उतरत होती आणि जाड बटणांचे जे टायर मिळतील तेच पुढे-मागे घालत होती. सुमारे साडेतीन किलोमीटरमध्ये चारशे मीटरची उतरण. पेडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. त्या उताराचं नाव त्यावरूनच पडलं. त्यांनी निवड केली ती घसरण्याच्या कलेची. मागचं चाक मुद्दाम आडवं टाकून वळायला ते शिकले. आज ते करू नये, वाट खराब होते.

आता हात टायरवर ठेवा. पुढच्या चाकापासून सुरू करा.

मधल्या बटणांवरून बोट फिरवा, आधी एका दिशेने, मग उलट. एका बाजूने बोट सहज वर चढतं, दुसऱ्या बाजूने कडेला अडतं. उतरती बाजू जमिनीला आधी टेकते, म्हणून चाक अडखळत नाही. उभी बाजू ब्रेक दाबल्यावर जमिनीत रुतते. टायरच्या बाजूवर बाण असतो तो यासाठी, आणि काही टायरांवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलटा असे दोन बाण असतात. चढावर जोर लावताना मागच्या चाकाला विरुद्ध बाजूची कडा उपयोगी पडते. तुमचा बाण बरोबर दिशेला आहे का, तेही पाहून घ्या. पंक्चरवाल्याच्या घाईत तो अनेकदा फिरतो.

मग बोट मधून कडेकडे न्या, सावकाश. मधली ओळ संपते आणि कडेची सुरू होते, त्या दोन्हींत किती जागा आहे? काही टायरांत तिथे मोकळी चर असते. मॅक्सिस कंपनीचा मिनियन डीएचएफ याच घडणीचा. शेवटची अक्षरं डाउनहिल फ्रंटची, म्हणजे पुढच्या चाकाचा म्हणून नावातच सांगितलेला. अर्थात लोक तो मागेही घालतात. अशा टायरवर कलायला सुरुवात केली की एक क्षण काही हाताला लागत नाही असं वाटतं, आणि आणखी कलल्यावर कडेची ओळ रुतते आणि मग सोडत नाही. ज्याला निर्धास्त कलता येतं त्याच्यासाठी हा टायर अप्रतिम आहे. ज्याला त्या एका क्षणाची भीती वाटते तो कलणं अर्धवट सोडतो आणि नेमका त्या चरीत अडकतो. त्याच कंपनीच्या असगाईत ती चर मधल्या बटणांनी भरलेली आहे. दक्षिण आफ्रिकेचा डाउनहिलपटू ग्रेग मिनारच्या मदतीने तो घडवला गेला, आणि नाव तिकडच्या भाल्याचं. तो कितीही कललात तरी सारखाच धरतो, आणि पळायला जड आहे.

इथे जरा स्वतःकडे पाहा. वळणात तुम्ही सायकल किती कलवता? मित्र काय म्हणतात ते जाऊ द्या. शेवटचं वळण आठवा: बाहेरचा पाय खाली होता का, सायकल तुमच्यापेक्षा जास्त कललेली होती का, की तुम्ही आखडून सरळ बसला होतात आणि हँडलने वळवत होतात? सरळ बसणाऱ्याच्या टायरची कडेची ओळ वर्षानंतरही नवीकोरी दिसते. चाक फिरवून पाहा. टायर खोटं बोलत नाही.

आता अंगठ्याचं नख एका बटणात दाबा आणि सोडा. खूण लगेच भरते की हळूहळू? रबराची मऊ-कठीणता शोर ए या मापाने सांगतात. शर्यतीचं अतिमऊ रबर ४२ च्या आसपास, मधलं ५०, टिकाऊ ६० किंवा वर. आकडा लहान तितकं रबर मऊ. अनेक चांगल्या टायरांत मध्ये कठीण आणि कडेला मऊ असं मिश्र रबर असतं, आणि डांबरावरून डोंगराकडे जाणाऱ्याला ते शहाणपणाचं पडतं: सरळ जाताना कठीण भाग झिजतो, वळताना मऊ भाग कामाला येतो. पूर्ण मऊ टायर घेऊन रोज वीस किलोमीटर डांबर तुडवणं ही निव्वळ उधळपट्टी. मागच्या चाकाला तर नकोच.

मग बाजूची भिंत. दोन बोटांत धरून ती दुमडून पाहा. आत कापडाचे धागे आहेत, तिरपे, एकमेकांवरून गेलेले; या कापडाला केसिंग म्हणतात. इंचाला १२० धागे म्हणजे बारीक धाग्याचं, लवचिक, हलकं कापड. ६० म्हणजे जाड धाग्याचं, दणकट. लवचिक केसिंग जमिनीच्या उंचसखलपणाशी जुळवून घेतं आणि दगडाच्या धारेवर लवकर फाटतं. वजनाचे आकडे यावरूनच ठरतात. क्रॉस कंट्रीचा टायर सातशे ग्रॅमच्या आगेमागे, रोजच्या डोंगरी फिरण्याचा ट्रेल टायर नऊशे ते हजार, डाउनहिलचा बाराशेच्या वर. चढावर तो फरक तुमच्या मांड्यांना कळतो, कारण हे वजन फिरवायचं असतं. तरीही मागच्या चाकाला पुढच्यापेक्षा एक पायरी दणकट केसिंग द्यावं असं माझं मत आहे. दगडावर पुढचं चाक तुम्ही हाताने उचलता. मागचं मागून येऊन आपटतं.

काट्यांचं वेगळं बोलायला हवं. बाभळीचा, बोरीचा काटा असतोच, पण खरा वैरी सराटा. वाटेच्या कडेला जमिनीसरपट पसरणारं, पिवळ्या फुलांचं गोजिरवाणं रोप. त्याचं फळ फुटलं की तुकडे कसेही पडोत, एक काटा वर असतोच. आपल्याला वाटतं हे आपलंच दुखणं, पण हेच रोप जुन्या जगातून अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत जाऊन पोचलं आणि तिथल्या सायकलवाल्यांनाही रडवतं. आयडाहोतल्या बॉइसी शहरात तर त्यांनी ते उपटण्याचा चक्क उत्सव केला. त्याच्यावर दणकट टायर हा उपाय नाही. उपाय ट्यूबलेस. १९९९ मध्ये माव्हिक या फ्रेंच कंपनीने माउंटन बाइकसाठी ट्यूबलेसची यूएसटी पद्धत आणली, आणि पुढे रबराच्या चिकाचं सीलंट आत ओतायची रीत रुळली. काटा घुसला की चीक त्या भोकात येतो आणि गोठतो. काटा दिसला तर भोक खाली येईल असं चाक धरायचं, थोडं थांबायचं. आपल्या उन्हाळ्यात हा चीक डबीवर लिहिलंय त्याच्या आधीच सुकतो, म्हणून मार्चमध्ये एकदा व्हॉल्व्ह उघडून पाहावं. ट्यूबलेसचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे: दगडावर आपटून ट्यूब रिमच्या दोन कडांत चेपली जाते आणि दोन भोकं पडतात, ती भीती जाते, आणि म्हणून हवा कमी ठेवता येते.

आकडे वाचायचं राहिलं. बाजूवर ५८-६२२ असं काही छापलेलं दिसेल. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; ५८ म्हणजे साधारण २.३ इंच. दुसरा आकडा टायर रिमवर बसतो तिथला व्यास: ६२२ म्हणजे ज्याला आपण २९ इंची म्हणतो ते चाक, ५८४ म्हणजे २७.५, आणि ५५९ म्हणजे जुनं २६. पहिला आकडा थोडा इकडेतिकडे चालतो, दुसरा तंतोतंत जुळावाच लागतो. रुंदी वाढवताना रिम पाहावी. आतून ३० मिलिमीटर रुंद रिमवर २.४ किंवा २.५ चा टायर छान बसतो. स्वस्त सायकलींच्या अरुंद रिमवर तोच टायर फुगून गोल होतो आणि वळणात लुळा पडतो, तिथे २.१ किंवा २.२ बरा.

आता उत्तर द्यायची वेळ झाली. सायकल घेऊन तुम्ही डोंगरात कशासाठी जाता?

चढाची नशा असेल, घाम, श्वास, घड्याळ, तर क्रॉस कंट्रीचा टायर तुमचा. बुटकी दाट बटणं, हलकं केसिंग, २.२ ते २.४ रुंदी. तो सैल उतारावर घसरणार, हे मान्य करून घ्यायचं आणि तिथे वेग सोडायचा. उतारासाठी चढ चढत असाल तर पुढे भक्कम कडेचा २.४-२.५ आणि मागे त्याच्याहून जलद पळणारा. हा चढावर ओढणार. सोबतचे पुढे जातील, जाऊ द्या. गाडीत सायकल घालून वर नेणारे आणि नुसतं उतरणारे आपल्याकडे थोडे आहेत, त्यांनी वजनाचा विचार करूच नये. सायकलला पिशव्या बांधून चार दिवस कोकणात किंवा स्पितीत हिंडणाऱ्याला पकडीपेक्षा भरवसा हवा: ६० धाग्यांचं केसिंग, कठीण रबर, मध्ये सलग चालणारी नक्षी. आणि तो नेहमीचा रविवारचा माणूस, तासभर डांबर आणि अर्धा तास मुरूम, त्याच्यासाठी मागे बुटक्या मधल्या बटणांचा आणि उभ्या कडेचा टायर, पुढे मध्यम ट्रेल टायर, मिश्र रबर. हे कॉम्बिनेशन कुणी फोटोत मिरवत नाही, पण आपल्या वाटांना हेच जास्त शोभतं.

टायर चढला तरी निवड संपत नाही, कारण हवा रोज निवडायची असते. आणि खरं तर टायर बदलण्याआधी हेच करून पाहावं. दुकानातून निघताना भरून दिलेले ४० पीएसआय वर्षभर तसेच ठेवणारे लोक पकड नाही म्हणून टायरला नावं ठेवतात. अंगठा दाबून हवा ओळखण्यावर विश्वास ठेवू नका. साधा डिजिटल गेज घ्या. सत्तर-पंचाहत्तर किलोचा माणूस, ट्यूबलेस २.४ चे टायर: पुढे २२, मागे २५ पासून सुरू करा. ट्यूब असेल तर चार-पाच जास्त. वाटेचा एकच तुकडा निवडा, ज्यात एक वळण, थोडे दगड आणि एक छोटा चढ आहे. तो उतरा, वर या, दोन्हीकडची एक एक पीएसआय कमी करा, पुन्हा उतरा. खडबडीत जमिनीवर टायर टणक असला की प्रत्येक खड्यावर उसळतो आणि वेग उलट कमी होतो. हवा कमी केल्यावर सायकल शांत होते आणि बऱ्याचदा जलदही. कमी करत जा. एका टप्प्याला वळणात टायर रिमखाली सरकल्यासारखा वाटेल किंवा दगडावर रिमचा ठणका ऐकू येईल. तिथून दोन पीएसआय वर या आणि तो आकडा लिहून ठेवा. पावसाळ्याचा आकडा वेगळा, डांबराच्या दिवसाचा वेगळा.

आणि मागची बटणं झिजून टायर गोटा झाला की नवा टायर पुढे बसवा. पुढच्या जुन्याची कडेची ओळ शाबूत असेल तर तो मागे जातो. उरलेला गोटा, केसिंगचे धागे दिसत नसतील तर, ऑफिसला जायच्या सायकलला अजून वर्षभर चालतो.